तारेची कल्हई

दातांना क्लिपा बसवलेल्या मुलाच्या घरी दोन प्रश्न हटकून निघतात. पहिला पहिल्याच आठवड्यात येतो: चोवीस तास ओल्या तोंडात राहणारी ही तार गंजणार नाही का? दुसरा फ्लोराइडच्या माऊथवॉशची बाटली घरात आल्यावर: या पाण्याने रोज चूळ भरायची, तर ते तारेला खात नाही ना? दुसऱ्या प्रश्नाला बहुधा ऐकीव माहितीचा आधार असतो. कुणीतरी सांगितलेले असते की फ्लोराइडने तारा कमकुवत होतात, तुटतातही. यावर दोन ठरीव उत्तरे मिळतात. एक, काही होत नाही, बिनधास्त वापरा. दुसरे, तारा आहेत तोवर फ्लोराइड बंदच ठेवा. पहिले उत्तर अर्धवट आहे आणि दुसरे त्याहून महाग पडणारे. फ्लोराइड एकटे तारेचे फारसे बिघडवत नाही, आंबट झालेले तोंडही एकटे फारसे बिघडवत नाही. या दोघांची एकाच वेळी गाठ पडली तर मात्र तारेची अवस्था पालटते. म्हणून ‘वापरावे की नाही’ हा प्रश्न मुळातच चुकीचा मांडलेला आहे. कधी वापरावे आणि किती तीव्र, हा खरा प्रश्न. तिथवर पोचण्यासाठी आधी धातू, मग तोंड आणि मग रसायन, अशा क्रमाने जाऊ.

१. तानसाचे नळ आणि कल्हईचे भांडे

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगाव सोडले की आटगाव येते. शहापूर तालुक्यातले तानसा धरण इथून जवळ. १८९२ साली ते बांधून पुरे झाले आणि तेव्हापासून त्याचे पाणी लोखंडी जलवाहिन्यांतून मुंबईला जाते. उघड्या लोखंडाचे पाण्याच्या संगतीत काय होते, हे या भागात कुणाला शिकवावे लागत नाही. रंग उडालेला पत्रा एका पावसाळ्यात तांबूस होतो, दुसऱ्यात त्याचे पापुद्रे सुटतात. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या संयोगातून जो गंज तयार होतो तो मूळ लोखंडापेक्षा फुगीर आणि भुसभुशीत असतो. तो पापुद्र्यासारखा सुटून पडतो, खालचे ताजे लोखंड उघडे पडते आणि पुन्हा तेच सुरू होते. गंज लोखंडाला झाकत नाही, हेच लोखंडाचे दुखणे.

क्रोमियम नावाच्या धातूचे वागणे नेमके उलटे. त्याचाही ऑक्सिजनशी संयोग होतो, पण त्यातून तयार होणारा थर घट्ट, सलग आणि धातूला चिकटून बसणारा असतो. लोखंडात पुरेसे क्रोमियम मिसळले की पृष्ठभागावर हा थर आपोआप धरतो आणि खालचे लोखंड झाकले जाते. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रियर्लीने १९१३ साली असे पोलाद ओतले; आपण त्याला स्टेनलेस स्टील म्हणतो. दातांच्या तारेतले स्टील साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचे असते, म्हणजे स्वयंपाकघरातल्या चांगल्या ताटवाटीच्याच कुळातले. त्यावरचा संरक्षक थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा. माणसाच्या केसाचे आडवे वीसेक हजार पापुद्रे काढले, तर त्यातला एक साधारण तेवढा भरेल.

या थराला आपल्या भाषेत तयार उपमा आहे: कल्हई. पितळेच्या पातेल्याला आतून कथलाचा मुलामा दिला की त्यात आमटी करता येते. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले की ते कळकते, म्हणजे आंबट पदार्थ तांबे-जस्त विरघळवून स्वतःत घेतो आणि चव बिघडते. पितळ तेच, ताक तेच. मधला पातळ मुलामा असणे-नसणे एवढाच फरक. तारेचे गणितही हेच आहे. भेद एवढाच की पातेल्याला कल्हईवाला लागतो, तार मात्र स्वतःची कल्हई स्वतःच करते आणि ओरखडा पडला तर हवेतल्या किंवा लाळेतल्या ऑक्सिजनच्या जोरावर काही क्षणांत ती बुजवते. तेव्हा ‘तार गंजेल का’ या प्रश्नाचे धातुशास्त्रातले रूप असे: ही कल्हई कोण उतरवू शकतो, आणि उतरल्यावर ती पुन्हा धरू द्यायला कोण आडवा येतो?

२. तार एका जातीची नसते

क्लिपा म्हणजे दातांवर चिकटवलेले छोटे बिल्ले, ज्यांना ब्रॅकेट म्हणतात, आणि त्यांच्या खाचांतून ओवलेली तार. दात हलवण्याचे काम तार करते. बिल्ला केवळ मूठ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या तारा सोन्याच्या मिश्रधातूच्या असत. १९३० च्या दशकापासून स्टील आले आणि उपचार स्वस्त झाला. स्टील ताठ असते. वेड्यावाकड्या दातांत ते बसवायचे तर तारेला जागोजागी वळसे द्यावे लागतात, आणि दात थोडा हलला की तिचा जोर झपाट्याने उतरतो.

पुढचा बदल दातांशी संबंध नसलेल्या ठिकाणाहून आला. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी १९६० च्या आसपास निकेल आणि टायटॅनियमचा असा मिश्रधातू बनवला की तो वाकवला तरी ऊब लागताच मूळ आकारात परततो. निकेल, टायटॅनियम आणि त्या प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरे जोडून त्याला निटिनॉल म्हटले गेले. १९७० च्या दशकाच्या आरंभी आयोवा विद्यापीठातल्या जॉर्ज अँड्रियासेन यांनी तो दातांच्या उपचारात आणला. आज पहिल्या काही महिन्यांत बसते ती गोल, मऊ तार बहुधा याच जातीची. तिची गंमत ताटलीभर पाण्यात दिसते. उष्णतेला जागणारी तार गार पाण्यात बुडवून बोटांनी वाकवली तर ती शिशाच्या तारेसारखी नरमपणे वाकते आणि वाकलेलीच राहते. तीच कोमट पाण्यात टाकली की बघता बघता सरळ होते. तोंडातही हेच चालते. बर्फाचा गोळा खाताना तारेची ओढ सैल पडल्यासारखी वाटते आणि वर गरम चहा घेतला की दात आवळल्यासारखे वाटतात. तो मनाचा खेळ नव्हे. १९८० च्या सुमारास चार्ल्स बर्स्टोन यांनी तिसरी जात रूढ केली, बीटा टायटॅनियम. ती निकेलविरहित, ताठपणात स्टील आणि निटिनॉलच्या मधली.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचे हे की स्टीलची कल्हई क्रोमियमची, तर बाकी दोघींची टायटॅनियमची. निटिनॉलच्या तारेत वजनाने निम्म्याहून थोडे अधिक, साधारण ५५ टक्के, निकेल असते, पण पृष्ठभागावर थर धरतो तो मुख्यतः टायटॅनियमचा. टायटॅनियमची कल्हई एरवी क्रोमियमपेक्षाही चिवट असते. समुद्राच्या खाऱ्या पाण्याला ती दाद देत नाही. म्हणून तर मोडलेल्या हाडातल्या पट्ट्या आणि दाताच्या जागी बसवायचे इम्प्लांट टायटॅनियमचे करतात. ज्या पहिलवानाला मीठ हरवत नाही, लिंबू हरवत नाही, त्याला हरवणारा एक भिडू आहे, आणि तो नेमका फ्लोराइडच्या घराण्यातला. कथेतला पेच इथे आहे.

३. तोंड ही जागा कशी आहे

आंबटपणा मोजण्याच्या पट्टीला पीएच म्हणतात. ७ म्हणजे ना आंबट ना तुरट, शुद्ध पाणी. ७ च्या खाली जावे तसा आंबटपणा वाढतो, आणि वाढतो तो एकेकाने नव्हे तर दहापटीने: पीएच ५ हा ६ पेक्षा दसपट आंबट आणि ७ पेक्षा शंभरपट. निरोगी माणसाची लाळ साधारण ६.२ ते ७.६ च्या दरम्यान असते. लिंबाचा रस २ ते २.६, कोला अडीचच्या आसपास, ताक साडेचारच्या आगेमागे. शहापूर-मुरबाडच्या उन्हाळ्यात कैरी, चिंच, करवंद हे तर मुलांच्या खिशातलेच जिन्नस, आणि मुंबई-नाशिक महामार्गावरच्या प्रत्येक टपरीत थंड बाटल्या मांडलेल्या असतात. तरीही आंबट पदार्थाचा हल्ला क्षणिक असतो. घोट गिळला की लाळ सुटते, ती आंबटपणा पातळ करते आणि तिच्यातले क्षार तो मारतात.

चिवट आंबटपणा येतो तो गोडातून. दातांवर जो पांढुरका चिकट थर धरतो, ज्याला दंतवैद्य प्लाक म्हणतात, त्यात जिवाणूंची वस्ती असते. साखर आणि शिजलेले पिठूळ अन्न खाऊन ते आम्ल सोडतात. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने १९४० च्या दशकात हे मोजून दाखवले: साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर थराचा पीएच काही मिनिटांत घसरतो आणि पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास घेतो. ५.५ च्या खाली गेले की दाताचे कवच, म्हणजे एनॅमल, विरघळू लागते. तारा नसताना जीभ, ओठ आणि लाळ हा थर थोडाफार झाडत असतात. तारा आल्यावर प्रत्येक बिल्ल्याभोवती चार आडोसे तयार होतात. भाकरीचा कण, बिस्किटाचा लगदा, मुरमुऱ्याचे फोलपट तिथे अडकते, आणि तारेखालचा थर ४.५ किंवा त्याही खाली उतरून बराच वेळ तिथेच मुक्काम ठोकतो. अंगणातला चिखल उन्हाने वाळतो, पण पागोळ्यांखालच्या कोपऱ्यातला दिवाळीपर्यंत ओला असतो, तसे हे कोपरे.

या कोपऱ्यांची दुसरी खोड अधिक घातक. तारेची कल्हई बुजायला ऑक्सिजन लागतो, आणि बिल्ल्याच्या खाचेत, थराच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही. लाळेतले मीठ, म्हणजे त्यातला क्लोराइड, स्टीलच्या थराला बारीक भोके पाडण्यात वाकबगार आहे. मोकळ्या जागी पडलेले भोक लगेच बुजते, खाचेत मात्र ते तसेच राहते आणि खोल जाते. म्हणून काही महिने वापरून काढलेली स्टीलची तार साध्या डोळ्यांना जेमतेम मंद दिसते, पण सूक्ष्मदर्शकाखाली बिल्ल्यात बसलेल्या भागावर खड्डे आणि खवले दिसतात. तार तुटण्याइतके हे क्वचितच वाढते. नुकसान वेगळे असते. तार खाचेतून सरकली तर दात सरकतो, आणि खरबरीत तार नीट सरकत नाही. पांगुळगाड्याचे चाक गंजले तर गाडा मोडत नाही, अडखळतो.

४. दोघांची गाठ

फ्लोराइड पाण्यात विरघळलेले असते तेव्हा त्याचे कण विद्युतभारित असतात. भारित कणांना टायटॅनियमच्या थरात सहजी शिरता येत नाही. पाणी आंबट झाले, म्हणजे त्यात हायड्रोजनचे भारित कण वाढले, की काही फ्लोराइड कण एकेक हायड्रोजन जोडीला घेतात. ही जोडी भारमुक्त, लहान आणि कमालीची घुसखोर असते. तिचे नाव हायड्रोजन फ्लोराइड. काचेवर नक्षी कोरायला जे आम्ल वापरतात ते हेच, आणि कारखान्यांत टायटॅनियमच्या पत्र्यावरचा थर मुद्दाम उतरवायचा असतो तेव्हा ज्या मिश्रणात तो बुडवतात त्यातला मुख्य गडीही हाच. टायटॅनियमच्या ऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन विरघळणारे संयुग बनते. कल्हई धुऊन निघते.

मग सगळे ठरते ते किती फ्लोराइड कणांना जोडीदार मिळाला यावर, आणि ते गणित सोपे आहे. पीएच ३.२ च्या आसपास निम्म्या फ्लोराइडला जोडीदार मिळालेला असतो. त्याच्या वर प्रत्येक अंकाला हे प्रमाण सुमारे दहा पटींनी घटते. पीएच ४ ला साधारण १३ टक्के, ५ ला दीड टक्का, ६ ला ०.१५ टक्के, ७ ला ०.०१५ टक्के. आता रोज वापरायचे माऊथवॉश घेऊ. त्यात ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइड असते, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. सोडियम फ्लोराइडच्या वजनातला फ्लोराइडचा वाटा ४२ पैकी १९. हिशेब केला तर लिटरमागे सुमारे २२६ मिलिग्रॅम फ्लोराइड भरते. स्वच्छ, आंबट नसलेल्या तोंडात, पीएच ७ ला, यातले घुसखोर रूप ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास. पीएच ५ ला ३ मिलिग्रॅमच्या वर. पीएच ४ ला २९. बाटली तीच, घोट तोच, आणि हजारपटीचा फरक निव्वळ तोंडाच्या स्थितीने पडला.

२९ हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. नाकागावा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९९९ साली शुद्ध टायटॅनियमवर पद्धतशीर मोजणी करून दाखवले की हायड्रोजन फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅमच्या वर गेले की संरक्षक थर टिकत नाही. म्हणजे साधे माऊथवॉश स्वच्छ तोंडात वापरले तर उंबरठ्यापासून कोसभर दूर, आणि लिंबूसरबताच्या पाठोपाठ वापरले तर उंबरठ्याशी. दवाखान्यात दातांना लावायचे आम्लयुक्त फ्लोराइड जेल याच हिशेबात घालून पाहा. त्यात लिटरमागे १२,३०० मिलिग्रॅम फ्लोराइड आणि पीएच साडेतीनच्या आसपास. ढोबळ मानाने हजारोंच्या घरात आकडा जातो. उंबरठा कधीच मागे पडलेला असतो. एनॅमलमध्ये फ्लोराइड लवकर मुरावे म्हणून हे जेल मुद्दाम आंबट केलेले असते. दाताच्या दृष्टीने तो गुण, टायटॅनियमच्या तारेच्या दृष्टीने अवगुण.

कल्हई गेल्यावर टायटॅनियम नुसते विरघळत नाही, ते हायड्रोजन पिते. धातूत शिरलेला हायड्रोजन त्याला ठिसूळ करतो. २००३ साली जपानमध्येच निटिनॉलच्या आणि बीटा टायटॅनियमच्या ताणलेल्या तारा आम्लयुक्त फ्लोराइड द्रावणात ठेवून पाहिल्या, तेव्हा एरवी सहज सोसतील एवढ्या ताणाखाली त्या काही वेळाने तुटल्या. तोंडातली तारही सतत ताणलेलीच असते, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

५. भांड्यातली तार आणि तोंडातली तार

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. प्रयोगशाळेत तार द्रावणात सलग बुडवून ठेवतात. तोंडात लाळ आहे, ती चूळ पातळ करते, तारेवर प्रथिनांचा बुळबुळीत पापुद्रा धरते, आणि एका चुळीनंतर दुसऱ्या चुळीपर्यंत कल्हई बुजायला तेवीस तास एकोणसाठ मिनिटे मिळतात. मेरी वॉकर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत २००५ साली केलेला प्रयोग याचे चांगले उदाहरण. त्यांनी तारा तीव्र फ्लोराइड जेलमध्ये दीड तास ठेवल्या. रोज एक मिनिट याप्रमाणे तीन महिन्यांची नव्वद मिनिटे, असा तो हिशेब. पण नव्वद वेळा एकेक मिनिट पाण्यात हात घालणे आणि नव्वद मिनिटे सलग हात बुडवून बसणे सारखे नाही. दुसऱ्यात बोटे सुरकुततात, पहिल्यात नाही. हा आक्षेप मान्यच करावा लागतो. प्रयोगशाळेतले आकडे तोंडाला जसेच्या तसे लावले तर भीती वाढेल, ज्ञान नाही.

पण त्याच प्रयोगाने आपल्या सुबक हिशेबालाही एक धक्का दिला. त्यात निटिनॉलची दात ओढण्याची ताकद आम्लयुक्त जेलने घटली, तशीच आंबट नसलेल्या जेलनेही घटली. २००७ साली त्याच गटाने बीटा टायटॅनियम आणि स्टील तपासले तेव्हाही तसाच सूर निघाला. नुसता हायड्रोजन फ्लोराइडचा आकडा पाहिला तर आंबट नसलेल्या जेलने काही व्हायला नको होते. याचा अर्थ, फ्लोराइडचे प्रमाण चुळीच्या वीसपटीच्या घरात गेले की जोडीदाराची वाट न पाहताही त्याचा काही परिणाम होतो. म्हणून पीएच सांभाळणे ही अर्धी गोष्ट. तीव्रता ही उरलेली अर्धी. रोजच्या चुळीची तीव्रता त्या जेलच्या विसाव्या हिश्शाइतकी आहे, ही तिच्या बाजूने भरभक्कम साक्ष. दोन्ही बाजू तराजूत घातल्या तर मला चूळ निर्दोष वाटते, घरी रोज लावायचे तीव्र जेल संशयित वाटते, आणि दवाखान्यातले आंबट जेल तोंडात टायटॅनियमची तार असताना टाळावेच असे वाटते.

आणखी एक शंका पाण्याची. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळते. तसे पाणी आपल्याकडे असेल तर? शहापूरची धरणे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर पडलेल्या पावसाने भरतात आणि अशा पाण्यात फ्लोराइड अल्पच असते. पण समजा, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाने घातलेली लिटरमागे १.५ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा गाठली, तरी ते चुळीच्या दीडशेव्या हिश्शाइतके झाले. तारेसाठी त्यात चिंतेचे काही नाही. हाडांसाठी आणि वाढत्या दातांसाठी जास्त फ्लोराइडचे पाणी वाईटच, पण ते वेगळे प्रकरण.

६. मग चूळ सोडावी का?

तारेला धोका आहे ना, मग फ्लोराइडच सोडा, हा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो. त्यात विसरले जाते ते हे की तार भाड्याची आहे आणि दात घरचा. निटिनॉलची तार काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बदलायचीच असते. बिल्ल्याभोवती विरघळलेले एनॅमल पुन्हा उगवत नाही. १९८२ साली गोरेलिक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत तारा काढलेल्या मुलांचे दात तपासले तेव्हा निम्म्या मुलांच्या निदान एका दातावर पांढरा डाग आढळला. हा डाग म्हणजे किडीची पहिली पायरी. बिल्ल्याच्या कडेने, चौकटीसारखा, खडूने रेघ ओढावी तसा तो दिसतो, आणि काळजी घेतली नाही तर महिन्याभरातही उमटू शकतो. दोन वर्षे खर्च करून दात एका रांगेत आणायचे आणि त्या रांगेवर पांढऱ्या चौकटी मागे ठेवायच्या, हा सौदा कुणाला परवडेल? फ्लोराइड नेमके हेच आवरते: विरघळलेले क्षार परत बसवायला मदत करते आणि नव्याने बसलेले कवच जरा जास्त आम्ल सोसते, साधारण ४.५ पर्यंत.

शिवाय तारेच्या अंगानेही फ्लोराइड सोडणे फायद्याचे ठरत नाही. तारेची कल्हई उतरवणाऱ्या जोडीतला स्वस्तात हटवता येणारा गडी फ्लोराइड नसून आंबटपणा आहे. आंबट थर घासून काढला की दात वाचतो, स्टीलची तार वाचते, टायटॅनियमची तारही वाचते. फ्लोराइड काढून घेतले तर तिघांपैकी एकच वाचते आणि तीही अर्धीमुर्धी. म्हणून वेळेचे भान महत्त्वाचे. कैरी, चिंच, थंड बाटली, गोड चहा-बिस्किट यांच्यानंतर लगेच माऊथवॉश नको, आणि लगेच टूथपेस्टही नको, कारण पेस्टमध्ये तर लिटरमागे हजारच्या घरात फ्लोराइड असते. आधी साध्या पाण्याच्या दोन-तीन खळखळून चुळा, मग अर्धा तास लाळेला तिचे काम करू द्यावे. जेवल्यावर चूळ भरायची आपली जुनी सवय इथे आयतीच कामाला येते. माऊथवॉश ब्रशच्या वेळेला जोडण्याऐवजी दिवसातल्या दुसऱ्याच स्वच्छ वेळी घ्यावे. १० मिलिलिटर, मिनिटभर, आणि थुंकून टाकावे. गिळायचे नाही, कारण त्या एका घोटात दोन मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असते. बाटलीवर ‘ॲसिड्युलेटेड’ असे काही लिहिले असेल तर तार बसवणाऱ्या डॉक्टरांना दाखवून मगच वापरावी, कारण अशा चुळीत जोडीदार आधीच मिसळलेला असतो.

दाताला याहून जास्त संरक्षण हवे असेल तर दवाखान्यात दातांवर फ्लोराइडचे वार्निश लावता येते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश चाचणीत तारा लावलेल्या मुलांना दर भेटीला असे वार्निश लावले. ते लावलेल्या गटात ७.४ टक्के मुलांना नवे पांढरे डाग आले, बिनफ्लोराइडचे वार्निश लावलेल्या गटात २५.३ टक्क्यांना. यात मला आवडणारी गोष्ट वेळेची आहे. तार बदलताना काही मिनिटे ब्रॅकेट रिकामे असतात. जुनी तार तबकात पडलेली, नवी अजून पाकिटात. तीव्र फ्लोराइड लावायला याहून बरी घटका नाही, कारण दात हजर आहे आणि तार गैरहजर.

७. निकेलची धास्ती

कल्हई उतरली की निकेल सुटते, मग ते पोटात जाते, याची भीती बऱ्याच जणांना वाटते. निकेल सुटते हे खरे. पार्क आणि शिअरर यांनी १९८३ साली पूर्ण तोंडाच्या तारा-बिल्ल्यांचा संच मिठाच्या पाण्यात ठेवून मोजले, तेव्हा दिवसाला सुमारे ४० मायक्रोग्रॅम निकेल उतरले. डाळी, शेंगदाणे, पालेभाज्या, चहा, कोको यांतून माणूस रोज सहसा २०० ते ३०० मायक्रोग्रॅम निकेल खातोच. त्यामुळे विषबाधेची भीती फोल आहे. ॲलर्जी ही मात्र वेगळी बाब, तिला फार प्रमाण लागत नाही. खोट्या दागिन्यांनी कानाच्या पाळ्या चिडत असतील, घड्याळाच्या पट्ट्याखाली खाज येत असेल, तर ते तारा बसवण्याआधी सांगावे. बीटा टायटॅनियमसारखे पर्याय असतात.

८. आवणी, पाऊस आणि चुकलेली तारीख

आटगाव-खर्डी पट्ट्यातल्या मुलाला तारेसाठी सहसा कसारा लोकल धरून कल्याण-ठाण्याकडे, किंवा थेट मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयाकडे जावे लागते. तारीख चार ते सहा आठवड्यांची असते. जुलैत आवणी सुरू असते, पाऊस लोकल खोळंबवतो, मग परीक्षा येतात, आणि सहा आठवड्यांची तार चार महिने तोंडात राहते. वर सांगितलेला सगळा झिजेचा हिशेब काळाने गुणायचा असतो. खाच तीच, थर तोच, फक्त मुक्काम लांबतो. खरबरीतपणा वाढतो, दात सरकण्याचे मंदावते, उपचार लांबतो, आणि लांबलेल्या उपचारात पुन्हा तीच तार. म्हणून एखादी भेट चुकणारच असेल तर ते आधीच सांगितलेले बरे. डॉक्टर त्या अवधीसाठी दुसरी, जास्त टिकाऊ तार निवडू शकतात.

आणि उपचार संपतो तेव्हाही सगळ्याच तारा निघत नाहीत. खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला बहुतेकदा बारीक पिळाची स्टीलची तार चिकटवून ठेवतात, दात परत फिरू नयेत म्हणून. ती अनेक वर्षे राहते. तिच्या शेजारीच लाळेच्या ग्रंथींची तोंडे उघडतात, त्यामुळे खर, म्हणजे टणक झालेला प्लाक, तिथेच सगळ्यांत लवकर जमतो आणि पिळाच्या फटींत ऑक्सिजन पोचत नाही. इथे फ्लोराइड कमी-जास्त असण्याने फारसा फरक पडत नाही. वर्षातून एकदा तो खर काढून घेतला तर पडतो. ही तार आरशात दिसत नाही. तिची खबर जिभेच्या टोकाला लागते: रोज गुळगुळीत लागणाऱ्या जागी एखाद्या सकाळी बारीक काटा टोचतो, पिळातला एक धागा सुटलेला असतो, आणि मग ती तार पुढच्या सवडीपर्यंत न ठेवता त्याच आठवड्यात दाखवायची असते.